नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान: तेल, उटणे आणि आघाडा यांसह रीतसर कसे करावे

दिवाळीची पहिली आंघोळ म्हटली की उटण्याचा वास, फुलबाज्या आणि फराळाचे ताट आठवते. तेल मात्र दरवर्षी थोडे थोडे मागे पडत चालले आहे. न्हाणीघरात शिरता शिरता टाळूवर दोन थेंब टेकवायचे आणि नळ सोडायचा, इतकेच पुष्कळ घरांत उरले आहे. मूळ विधी तेलाचा आहे, आंघोळ त्याच्या मागून येते. आणि हे तेल दुसऱ्याच्या हाताने लागायचे असते. घरातल्या मोठ्या माणसाने धाकट्यांना पाटावर बसवून माथ्यापासून पायापर्यंत तेल लावणे, हा या पहाटेचा गाभा. तेवढा जपला तर बाकीच्या गोष्टी कमीजास्त झाल्या तरी चालतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात तेलावर सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे.

या दिवशी तेल का?

धर्मशास्त्रात तेलाचे नियम कडक आहेत. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा या पर्वतिथींना अंगाला तेल लावू नये, श्राद्धाच्या दिवशी लावू नये, सुतकात लावू नये. तेल हे मंगलाचे आणि भोगाचे द्रव्य, म्हणून व्रताच्या आणि शोकाच्या दिवसांत ते वर्ज्य. आश्विन वद्य चतुर्दशीला मात्र हा नियम उलटा होतो. एरवी जी तिथी तेलाला वर्ज्य, त्याच तिथीला तेल लावणे आवश्यक ठरते. या चतुर्दशीला तेलात लक्ष्मी आणि पाण्यात गंगा असते, असे वचन आहे. दुसऱ्या दिवशीची अमावास्या आणि बलिप्रतिपदा याही अभ्यंगाच्याच. वर्षात आणखी दोन दिवस असे सांगितले आहेत: चैत्रातला गुढीपाडवा आणि वसंताच्या आरंभाची, म्हणजे होळीनंतरची फाल्गुन वद्य प्रतिपदा. गुढीपाडव्याचे अभ्यंग अजून बऱ्याच घरांत टिकून आहे. होळीनंतरचे जवळजवळ विसरले गेले.

या तिथींचे निर्णय आपल्याकडे मुख्यतः दोन ग्रंथांवरून दिले जातात. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ मध्ये काशीत पुरा झाला, पण त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमाराचा. आजही पंचांगात अभ्यंगाची वेळ दिलेली असते तिच्यामागे हेच निर्णय असतात.

तेल लावण्याची चाल अर्थात या ग्रंथांहून फार जुनी. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने दिनचर्येत अभ्यंग रोज करावा असे सांगितले आहे. म्हातारपण, थकवा आणि वात यांना तो दूर ठेवतो, दृष्टी आणि झोप सुधारतो, त्वचा चांगली राखतो. त्यातही डोके, कान आणि पाय यांना तेल विशेष लावावे, असे त्याचे म्हणणे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या भोगांपैकी एक स्नानभोग आहे आणि फुलांचा वास दिलेल्या तिळाच्या तेलाने अंग चोळून घेण्याचे वर्णन त्यात येते. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींना भक्तांनी ‘मर्दना’ दिल्याचे प्रसंग पुन्हापुन्हा भेटतात. पाहुण्याला, गुरूला, जावयाला तेल लावून न्हाऊ घालणे हा आपल्याकडे मान होता. गावगाड्यात न्हाव्याकडे हजामतीबरोबर अंग चोळून देण्याचेही काम असे. लग्नातले तेलवण, बाळंतिणीचे न्हाऊमाखू, बाळाचे टाळू भरणे ही सगळी याच रीतीची अंगे.

नरकासुराची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. प्राग्ज्योतिषपूरचा, म्हणजे आजच्या आसामातला हा राजा. कृष्णाने सत्यभामेसह जाऊन त्याला मारले आणि त्याच्या बंदीतल्या सोळा हजार शंभर स्त्रिया सोडवल्या. लढाईहून परतलेल्या कृष्णाला तेल लावून, न्हाऊ घालून ओवाळले, असे घरोघरी सांगतात. युद्धाहून आलेल्या माणसाच्या अंगावरचे रक्त आणि मनावरचा ताण उतरवायला तेलासारखे दुसरे काय असणार? त्यामुळे मला ही कथा विधीला अगदी चपखल वाटते.

वेळ कशी काढावी

चतुर्दशी ज्या दिवशी चंद्रोदयाच्या वेळी असेल त्या दिवशी, चंद्रोदयानंतर आणि सूर्योदयापूर्वी अभ्यंग करावे. चतुर्दशीला चंद्र सूर्याच्या थोडाच पश्चिमेला असतो. त्यामुळे तो पहाटे, सूर्योदयाच्या साधारण पाऊण ते दीड तास आधी उगवतो. पूर्वेला क्षितिज मोकळे असेल तर बारीक कोर दिसते. मुलांना ती अवश्य दाखवा.

पुण्या-मुंबईकडे ऑक्टोबरअखेर सूर्योदय साडेसहाच्या आसपास होतो. म्हणजे मुख्य काळ पाच ते साडेसहा. एका माणसाला नीट तेल लावायला दहा-बारा मिनिटे लागतात आणि ते अंगात मुरायला आणखी वीस मिनिटे तरी हवीत. चौघांचे घर आणि एकच न्हाणीघर असेल तर तेल लावायला साडेचारला सुरुवात करावी लागते. तेलाला चंद्रोदयाच्या थोडे आधी हात लागला तरी बिघडत नाही. स्नान त्या काळात पडले म्हणजे झाले.

काही वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतात आणि लोक गोंधळतात. चतुर्दशी पहाटे पाहायची, अमावास्या सायंकाळी प्रदोषात. पहाटे चतुर्दशी असून दिवसात ती संपली आणि संध्याकाळी अमावास्या लागलेली असली, की दोन्ही एकाच दिवशी. परदेशात असाल तर भारतातली तारीख आणि वेळ उचलू नका, आपल्या शहराचे पंचांग पाहा. तिथी जगभर एकाच क्षणी बदलते, पण चंद्रोदय गावागणिक वेगळा, म्हणून अमेरिकेत कधी कधी हा दिवस एक तारीख आधी पडतो.

आठवडाभर आधीची तयारी

तेल तिळाचे घ्यावे. लाकडी घाण्याचे मिळाले तर उत्तमच, हल्ली शहरांतूनही घाणे पुन्हा सुरू झाले आहेत. कोकणात आणि गोव्यात खोबरेल वापरतात, तेही योग्य. आपल्या मातीत जे पिकते ते लावावे. मोठ्या माणसाला साधारण चाळीस-पन्नास मिलिलिटर, लहान मुलाला त्याच्या निम्म्याहून कमी. चौघांसाठी पाव लिटर आणले की उरते.

वासाचे तेल घरी करायचे असेल तर कोरड्या स्वच्छ बाटलीत पाव लिटर तिळाचे तेल, वाळ्याच्या मुळ्यांची एक छोटी जुडी, मूठभर पूर्ण वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि दोन-तीन तुकडे कपूरकाचरी घाला. झाकण लावून आठवडाभर उन्हात ठेवा, रोज एकदा हलवा, मग फडक्यातून गाळा. पाण्याचा अंशही राहता कामा नये, ओल राहिली की तेल खवट होते. ताज्या पाकळ्या म्हणूनच नकोत. गॅसवर उकळलेल्या तेलाला जळका वास येतो, उन्हाचे काम उन्हालाच करू द्या.

उटणे बाजारात मिळते, पण पुष्कळ पाकिटांत नुसती रंगवलेली माती आणि अत्तर असते. आमच्या घरचे प्रमाण देतो, साधारण २०० ग्रॅम होते: मसुरीचे पीठ ५० ग्रॅम, संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड ३०, वाळा, नागरमोथा, गव्हलाकचोरा, कपूरकाचरी आणि गुलाबपाकळ्या प्रत्येकी २०, आंबेहळद आणि चंदन प्रत्येकी १०. काष्ठौषधींच्या दुकानात सगळे सुटे मिळते आणि दुकानदार कुटूनही देतो. घरी दळलेत तर मलमलीच्या कापडातून चाळा. वाळा आणि नागरमोथ्याचे धागे राहिले तर अंगाला ओरखडे उठतात.

ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी दोन दिवस आधी मनगटाच्या आतल्या बाजूला तेल आणि कालवलेले उटणे लावून बघावे. खाज किंवा लाली आली तर ते टाळून फक्त तेल, आणि तेलानेच झाले तर दुसरे तेल.

आघाडा शोधायला लागतो. पावसाळ्यानंतर रस्त्याकडेला, पडीक जागेत उगवलेला असतो. हातभर उंच तुरा आणि त्यावर खाली तोंड केलेले काटेरी बी, जे जाता-येता कपड्यांना चिकटते, तोच आघाडा. गणपतीच्या पत्रीत असतो म्हणून अनेकांच्या ओळखीचा आहे. एक फांदी पानांसकट आणि मुळाला मातीचे ढेकूळ असेल तर त्यासकट आणावी. ती डोक्याभोवती फिरवताना म्हणायच्या मंत्रातच नांगरलेल्या जमिनीचे ढेकूळ आणि काटे यांचा उल्लेख आहे. आघाडा न मिळाल्यास भोपळ्याच्या वेलाचा तुकडा किंवा टाकळा चालतो, शास्त्रात तिघांचीही नावे आहेत. कोकण-गोव्याकडच्यांनी कारीट, म्हणजे ते छोटे कडू रानफळ, तेही आणून ठेवावे.

आदल्या रात्री

धनत्रयोदशी आटोपली की न्हाणीघर घासून घ्या. बंब असेल तर चिंचेने लखलखीत करून त्याला हळदकुंकू आणि फुले वाहतात, पाणी भरून ठेवतात. हल्ली गीझर असतो, पण तांब्याचे घंगाळ किंवा एखादा मोठा तांब्या असला तर तो काढा. पहाटे शोधाशोध नको म्हणून पाट, रांगोळी, निरांजन, तेलाची वाटी, उटण्याचे भांडे, पंचे आणि नवे कपडे एका जागी मांडून ठेवा. तेल लावताना घालायचे कपडे जुने सुती असावेत. पाटाखाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्रे अंथरा. तेलकट फरशीवर म्हातारी माणसे घसरतात, तेव्हा पाटापासून न्हाणीघरापर्यंत पायपोस घालायला विसरू नका.

तेल लावणे

तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा. मनगटावर थेंब टाकून बघा, सुखावह ऊब लागली पाहिजे, चटका नव्हे.

पाटाभोवती रांगोळी काढा, निरांजन लावून जरा लांब ठेवा. ज्याला तेल लावायचे त्याला पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसवा. कपाळी कुंकू लावा. मग तेलात बोट बुडवून आधी जमिनीवर थेंब टेकवायचे. हे चिरंजीवांचे तेल: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. आपल्याकडे अनेक घरांत हे तेल मुख्यतः अश्वत्थाम्याचे मानतात. कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तो दारोदार तेल मागत फिरतो, म्हणून आपल्याला लावण्याआधी त्याचा वाटा काढायचा. आमच्याकडे आई मधल्या बोटाने पाटाच्या उजव्या अंगाला ओळीने सात ठिपके देते, प्रत्येक ठिपक्याला एक नाव घेते, आणि मगच तिचा हात आमच्या डोक्यावर येतो. मुलांना सांगण्यासारखी यापेक्षा चांगली गोष्ट त्या पहाटे दुसरी नाही. ज्याने रात्री झोपलेल्या मुलांना मारले, त्या शापित माणसाच्या दुखण्याचीही आठवण सणाच्या पहिल्या थेंबात ठेवली आहे.

आता माथा. तळहातावर तेल घेऊन टाळूवर थापा आणि जिरू द्या. मग बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, कपाळापासून मानेपर्यंत चोळा. कानाच्या पाळ्या आणि कानामागचा भाग नीट चोळा. कानात तेल घालू नका. पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल तर त्रास वाढतो आणि ते बाहेरून कळत नाही.

मान आणि खांदे हे दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांचे दुखरे ठिकाण, तिथे वेळ द्या. हातापायांच्या लांब भागांवर सरळ वरखाली, सांध्यांवर गोलाकार, पोटावर हलक्या हाताने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पाठीला दोन्ही तळहात लावून कमरेकडून खांद्यांकडे न्या. तळपाय शेवटी आणि सावकाश, बोटांच्या बेचक्यांसकट. वाग्भटाने डोके, कान, पाय असे जे तीन सांगितले त्यातले पायच घाईत राहून जातात. जोर किती द्यावा याचे माप सोपे आहे: बसलेला माणूस बोलता बोलता गप्प झाला की जोर बरोबर पडतो आहे.

कोणी लावायचे? रूढीने घरातली सुवासीन. मी याबाबतीत स्पष्ट लिहितो: नवरा गेलेल्या आईला, आजीला, काकूला या पाटापासून दूर ठेवू नका. जिच्या हातांनी घरातली सगळी मुले न्हाऊमाखू घातली, तिच्या तेलाच्या बोटाइतके मंगल दुसरे काय असणार? वडिलांनी मुलांना लावावे, सुनेने सासूला लावावे, मुलाने आईला लावावे. बहुतेक घरांत आई सगळ्यांना लावते आणि तिच्यापर्यंत येईतो तेल आणि वेळ दोन्ही संपतात. तिला पाटावर आधी बसवा.

ताप, अजीर्ण, कफाचा जोर, उघडी जखम किंवा ताजी शस्त्रक्रिया असेल तर अंगाला तेल लावू नये. कफ आणि अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य, हे वाग्भटानेच सांगून ठेवले आहे. अशा माणसाच्या टाळूला एक बोट लावले की विधी झाला. मधुमेहींच्या पायांना संवेदना कमी असते, त्यांच्यासाठी तेल आणि पाणी दोन्हींची ऊब दुसऱ्याने पाहावी. तान्ह्या बाळाला नेहमीचेच तेल हलक्या हाताने लावा, उटणे मुळीच लावू नका आणि नाकात तेल सोडू नका.

उटणे, पाणी आणि आघाडा

तेल मुरेपर्यंत उटणे कालवा. थंडीत सायीसकट दुधात, तेलकट त्वचेला नुसत्या पाण्यात. थापून लगेच हलक्या हाताने गोल चोळत काढा. वाळू दिले तर लव ओढली जाऊन आग होते. डोळ्यांभोवती लावू नका. अंगावरचे तेल उटणे ओढून घेते, साबणाची गरज उरत नाही. मोती साबणाशिवाय दिवाळी वाटत नाही असे मानणाऱ्यांनी तो जरूर लावावा, पण उटण्यानंतर.

निम्मी आंघोळ झाली की आघाडा. मोठ्या माणसाने फांदी हातात घेऊन न्हाणाऱ्याच्या डोक्याभोवती तीनदा उजवीकडून फिरवावी आणि म्हणावे:

सीतालोष्टसमायुक्त सकण्टकदलान्वित ।
हर पापमपामार्ग भ्राम्यमाणः पुनः पुनः ॥

नांगरटीच्या ढेकळासह, काट्यापानांसह पुन्हापुन्हा फिरवल्या जाणाऱ्या अपामार्गा, म्हणजे आघाड्या, पाप हरण कर, इतकाच अर्थ. फांदी डोळ्यांपासून लांब ठेवा, बी खरोखर बोचते. त्यानंतर न्हाणीघराच्या दारातच ओवाळतात, बाहेर मुले फुलबाज्या लावतात. इथे जपा: तेल लागलेले कपडे आणि केस पटकन पेट घेतात. फुलबाजी तेलकट मुलाच्या हातात देऊ नका, ज्याची आंघोळ झाली आहे त्याने लावावी. मग उरलेले ऊन पाणी डोक्यावरून घेऊन स्नान पुरे करा.

स्नानानंतर

कोकणात आणि गोव्यात तुळशीपुढे कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात आणि ‘गोविंदा’ म्हणतात. कारीट म्हणजे नरकासुर. त्याचे बी कपाळाला आणि रस जिभेला लावायची रीत आहे. जिभेला नुसते बोट टेकवा, कारीट अतिशय कडू असते आणि पोटात गेले तर बाधते.

ज्यांना करायचे असेल त्यांनी दक्षिणेकडे तोंड करून, पाण्यात तीळ घालून यमतर्पण करावे. यम, धर्मराज, मृत्यू, अंतक, वैवस्वत, काल, सर्वभूतक्षय, औदुंबर, दध्न, नील, परमेष्ठी, वृकोदर, चित्र आणि चित्रगुप्त ही चौदा नावे. वडील हयात असलेल्यांनी हे करू नये असा समज आहे, तो बरोबर नाही. यमाचे आणि भीष्माचे तर्पण त्यांनीही करावे असे वचन आहे.

मग देवाला नमस्कार, मोठ्यांना नमस्कार आणि फराळ. कोकणात नव्या भाताचे पोहे: दह्यातले, नारळाच्या रसातले, गूळ घातलेले, तिखट, आणि बरोबर काळ्या वाटाण्यांची उसळ.

एकटे राहणाऱ्यांसाठी

वसतिगृहात, परगावी किंवा परदेशात एकटे असलात तर शेजारच्या खोलीतल्या मित्राला हाक मारा आणि एकमेकांच्या डोक्याला तेल लावा. तेही शक्य नसेल तर जमिनीवर चिरंजीवांचे ठिपके द्या, मग स्वतःच माथा, कान, पाय या क्रमाने लावा. आघाड्याऐवजी नुसता मंत्र म्हणा. घरी व्हिडिओ कॉल लावून आईला नावे घ्यायला सांगितले तर उत्तम. शॉवर असेल तर पाणी कढत ठेवू नका आणि पायाखाली रबरी चटई घ्या.

तेलकट पंचे आणि चादरी गरम पाण्यात, जादा साबण घालून त्याच दिवशी धुवा. त्यांचा बोळा करून ठेवू नका आणि तेलाचा वास जाईपर्यंत कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकू नका. तेल मुरलेले कापड ढिगात आपोआप तापून पेटू शकते. उटण्याचा गाळ मोरीच्या जाळीवरून उचलून झाडांना घाला, तेलाबरोबर तो नळीत घट्ट बसतो.

उरलेले तेल झाकून ठेवा. अमावास्येच्या पहाटे ते पुन्हा लागेल, पाडव्याला बायको नवऱ्याला तेल-उटणे लावून ओवाळते तेव्हा लागेल आणि भाऊबीजेला बहीण भावाला पाटावर बसवते तेव्हाही. कोरडे उटणे काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलेत तर गुढीपाडव्याच्या अभ्यंगापर्यंत वास टिकून राहतो.